आधी प्रवेश, मग इतिहास: मुलांबरोबर ‘शारदा’ आणि ‘कीचकवध’ वाचताना

जुन्या नाटकाची ओळख मुलांना करून द्यायची म्हटली की बहुतेक घरांत आणि वर्गांत एकच क्रम ठरलेला असतो. आधी नाटककाराचा जन्म, मग मृत्यू, मग नाटकांची यादी, मग ‘तत्कालीन सामाजिक परिस्थिती’ आणि वेळ उरलाच तर नाटक. तोवर मुलांचं लक्ष उडालेलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की हा क्रम उलटा करा. आधी प्रवेश मोठ्याने वाचा. मुलांना हसू द्या, चिडू द्या, कोड्यात पडू द्या. ‘ही मुलगी सरळ नाही का म्हणत नाही?’ असं एखाद्याने विचारलं, की १८९९ सालचा महाराष्ट्र सांगायची वेळ झाली असं समजा. त्याआधी सांगितलेला इतिहास वहीत उतरतो आणि वहीतच राहतो.

खालची पद्धत साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरी दोन मुलं असोत, वर्गात चाळीस असोत किंवा वाचनालयात शनिवारी जमणारा गट असो, थोड्याफार फरकाने ती सगळीकडे चालते.

सुरुवात कोणत्या नाटकापासून?

सगळ्यात जुन्या नाटकापासून सुरुवात करायचा मोह टाळा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं आणि म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. हे मुलांना जरूर सांगा. पण त्या काळी पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं बरंचसं बोलणं आयत्या वेळी करायची. त्यामुळे वर्गात भूमिका वाटून घेऊन वाचण्यासारखं त्यात फारसं हाती लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) गाण्यांवर उभं आहे. ते ऐकायचं, पाहायचं नाटक आहे. नुसतं वाचून त्याची गोडी निम्म्यानेही कळत नाही.

पहिल्या वाचनासाठी मी गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ (१८९९) निवडते. गोष्ट एका दमात सांगता येते (पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो), पात्रं ठसठशीत आहेत, संवाद बोलीच्या जवळचे आहेत, विनोद आजही पोचतो आणि नाटकाच्या मध्यभागी जवळपास याच मुलांच्या वयाची मुलगी उभी आहे. दुसरं नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ (१९०७). महाभारतातली गोष्ट मुलांना बहुधा माहीत असते, आणि त्या गोष्टीच्या पोटात दडलेली दुसरी गोष्ट शोधायला त्यांना भारी आवडतं.

तयारी: आधी तुम्ही वाचा

संपूर्ण नाटक तुम्ही स्वतः आधी वाचून काढा. पूर्वीचे प्रयोग रात्र-रात्र चालत, तेव्हा संहिता मोठ्या असणारच. मुलांकडून त्या अथपासून इतिपर्यंत वाचून घ्यायच्या नाहीत. चार-पाच प्रवेश निवडा आणि मधली गोष्ट तोंडी सांगा. ‘शारदा’मधून मी हे निवडते: भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ म्हाताऱ्या श्रीमंत भुजंगनाथाला लग्नाला चढवतो तो भाग, शारदेची आई इंदिराकाकू आणि बाप कांचनभट यांची खडाजंगी, मैत्रिणींची थट्टामस्करी, शारदेची घालमेल, आणि कोदंड हा तरुण भर मंडपात लग्न थांबवतो तो प्रसंग.

देवल १९१६ साली, ‘एकच प्याला’चे राम गणेश गडकरी १९१९ साली आणि खाडिलकर १९४८ साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे या तिघांच्या संहितांच्या प्रती मुलांसाठी काढायला अडचण नाही. प्रती मोठ्या अक्षरात काढा आणि समासात भरपूर जागा सोडा. मुलं त्या समासात प्रश्न लिहितात, आणि पुढचं सगळं त्या प्रश्नांवरच चालतं.

नाटकाच्या शेवटाकडे शारदा जीव द्यायला नदीवर जाते आणि कोदंड तिला वाचवतो. हा प्रसंग अचानक मुलांच्या पुढ्यात टाकू नका. पुढे काय घडतं ते आधी शांतपणे सांगा, आणि गटातलं एखादं मूल त्या विषयाने अस्वस्थ होण्यासारखं असेल, तर प्रसंग वाचायच्या ऐवजी दोन वाक्यांत सांगून पुढे जा.

पहिली बैठक: नुसतं वाचन

पाऊण तास पुरे. गोल बसवा, भूमिका वाटा. पण वाटताना एक गोष्ट मुद्दाम करा: शारदा मुलग्याला द्या आणि भुजंगनाथ मुलीला. सुरुवातीला खिदळतील, खिदळू द्या. मग सांगा की तेव्हा हे असंच होतं, बायकांच्या भूमिका पुरुष आणि मुलगेच करत. केशवराव भोसले पुढे ‘ललितकलादर्श’चे नामवंत नट झाले, पण त्यांचं नाव आधी गाजलं ते लहान वयात केलेल्या शारदेमुळे. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. शारदेची भीती एका मुलग्याने बोलून दाखवायची आणि समोरच्या प्रेक्षकांनी डोळे पुसायचे, हे कसं जमत असेल यावर मुलं आपणहून बोलायला लागतात.

पहिल्या वाचनात अर्थासाठी थांबू नका. अडखळू द्या, सूर लागू द्या. दुसऱ्या वाचनात थांबा. ‘शारदा’मधलं नवरदेवाची थट्टा करणारं पद नमुन्यादाखल घ्या:

म्हातारा इतुका न अवघें पाऊणशें वयमान
दंताजीचें ठाणें उठलें, फुटले दोन्ही कान
डोळे रुसले कांहीं न बघती, नन्ना म्हणते मान

आधी पाऊणशे म्हणजे किती ते मुलांनाच काढू द्या. पंचाहत्तर निघालं की ‘इतुका न’ म्हणजे ‘काही एवढा म्हातारा नाही’ यातली गंमत उलगडते. मग दुसरी ओळ. ठाणं म्हणजे लष्कराचा किंवा पोलिसांचा तळ. दातांनी तळ हलवला. मान नको नको म्हणते म्हणजे ती हलत असते. एका मुलाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने तो म्हातारा उभा करून दाखवायचा. पाच मिनिटांत पद पाठ होतं. लगेच त्यानंतर शारदेचं ‘मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली’ वाचा. ज्या म्हाताऱ्याला आत्ता सगळे हसले, तोच तिच्या डोळ्यांसमोर भीती होऊन उभा आहे. ही दोन पदं पाठोपाठ वाचल्यावर वर्ग गप्प होतो. तिथे काही समजावू नका, समासात प्रश्न लिहायला सांगा.

दुसरी बैठक: प्रश्नांच्या मागून इतिहास

प्रश्न बहुतेक ठिकाणी सारखेच येतात. बाप असं कसं करू शकतो? पंचाहत्तराव्या वर्षी लग्न कशाला? त्याला त्याच्या वयाची बायको का नाही मिळाली?

हा तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. तो आला की उत्तर देऊन टाकू नका. फळ्यावर चार गोष्टी लिहा आणि मुलांना जोडू द्या. एक, नाटकातल्या ब्राह्मण समाजात मुलीचं लग्न वयात येण्याआधी झालंच पाहिजे, असा दंडक होता. दोन, बायको वारली तर पुरुष पुन्हा लग्न करू शकत होता. तीन, नवरा वारला तर बाईला करता येत नव्हतं. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण तसं करणाऱ्यांवर बहिष्कार पडे. चार, बाळंतपणात आणि साथींत तरण्या बायका मोठ्या संख्येने दगावत. आता साठीचा विधुर नवरी शोधायला निघाला, तर त्याला लग्नाची कोण मिळेल? मोठ्या वयाची अविवाहित बाई समाजात जवळजवळ नाहीच, आणि विधवेशी लग्न करायचं नाही. उरते ती दहा-बारा वर्षांची पोर. आणि तिचा बाप गरीब किंवा लोभी असेल तर पैसे मोजायचे. मुलं हे जोडत जोडत तिथे पोचतात तेव्हा कांचनभट हा एकटा दुष्ट माणूस उरत नाही, त्याच्यामागची सगळी रचना दिसायला लागते. जुनी नाटकं मुलांबरोबर वाचायची ती या क्षणासाठी.

आता खऱ्या माणसाची गोष्ट सांगा: रखमाबाई. जन्म १८६४, लग्न अकराव्या वर्षी. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबईत दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे प्रकरण पैसे देऊन मिटलं, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिने वर्षानुवर्षं काम केलं. या खटल्यावरून उठलेला गदारोळ आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा, ज्याने ते वय दहावरून बारावर नेलं, हे सगळं ‘शारदा’ रंगमंचावर येण्याआधीच्या पंधरा वर्षांतलं आहे. म्हणजे पहिल्या प्रयोगाला बसलेला प्रेक्षक या विषयावर भांडून भांडून तापलेला होता. संमतिवयाचा अर्थ या वयाला सांगताना ‘मुलीला सासरी नांदायला पाठवायचं वय’ एवढं पुरतं. मोठ्या मुलांनी नेमकं विचारलं तर नेमकं सांगा.

लग्न थांबतं कसं, याकडेही लक्ष वेधा. ‘ती लहान आहे’ किंवा ‘तिची इच्छा नाही’ या कारणाने ते थांबत नाही. वधू-वर सगोत्र आहेत, हे कोदंड उघड करतो आणि म्हणून थांबतं. देवल सुधारणेच्या बाजूचे होते, तरी नाटकातल्या समाजाला अडवायला त्यांना त्याच समाजाचा नियम वापरावा लागला. मुलं यावर कडाडून वाद घालतात. घालू द्या.

एक गोंधळ हमखास होतो, तो आधीच मिटवा. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, पण तो या नाटकामुळे नाही. तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा, त्यांच्यावरून ते नाव पडलं. त्यात मुलीचं किमान वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरलं. आज ते अठरा आणि एकवीस आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा फळ्यावर लिहा. ‘तेव्हाचे लोक किती मागासलेले’ हे वाक्य मग कोणी उच्चारत नाही.

जोडीला ‘तृतीय रत्न’

‘शारदा’ वाचून थांबलं तर एकोणिसावं शतक म्हणजे ब्राह्मण घरातलं दुःख, एवढंच चित्र मुलांच्या मनात राहील. म्हणून जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ (१८५५) जोडीला घ्याच. ते ‘शारदा’पेक्षा चव्वेचाळीस वर्षांनी जुनं आहे. दिवस राहिलेल्या कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी त्या नवरा-बायकोला कर्जात लोटतो. शेवटी दोघं शिकायचं ठरवतात आणि फुल्यांच्या रात्रीच्या शाळेकडे वळतात. मधूनमधून विदूषक प्रेक्षकांशी बोलतो, तो भाग मुलं फार रंगून वाचतात. फुल्यांनी हे नाटक मराठी ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं होतं, कमिटीने नाकारलं. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं. कोणतं नाटक ‘अभिजात’ ठरतं आणि कोणतं सव्वाशे वर्षं कागदांत पडून राहतं, हा प्रश्न मुलांपुढे ठेवा.

‘कीचकवध’: गोष्टीच्या आतली गोष्ट

इथेही आधी नुसतं वाचन. अज्ञातवासातले पांडव विराटाच्या दरबारी आहेत, द्रौपदी सैरंध्री झाली आहे, कीचकाची तिच्यावर वाईट नजर आहे. धर्मराज म्हणतो थांब, धीर धर. भीमाला थांबायचं नाही. भीम आणि धर्मराज यांच्या वादाचे प्रवेश निवडा, मुलांचे दोन तट करा, वाचन संपलं की दोन्ही तटांना आपापली बाजू मांडू द्या. इंग्रजांचं नावही काढू नका.

मग फळ्यावर तारखा लिहा. कर्झन व्हाइसरॉय, १८९९ ते १९०५. बंगालची फाळणी, १९०५. नाटक, १९०७. त्याच वर्षअखेरीस सुरतेला काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ यांची फूट. नाटककार खाडिलकर हे ‘केसरी’त टिळकांचे सहकारी. एवढं लिहून गप्प बसा. कीचक कोण, द्रौपदी कोण, धर्मराज आणि भीम कोण, हे मुलं एकमेकांना अडवत ओरडून सांगतात.

यानंतरचा खेळ मला सगळ्यात आवडतो. प्रत्येकाने १९१० सालच्या मुंबई सरकारचा अधिकारी व्हायचं. हाती लाल पेन्सिल. आक्षेपार्ह वाक्य शोधा आणि खोडा. सापडत नाही! कर्झनचं नाव नाही, इंग्रजांचा उल्लेख नाही, सगळं महाभारत. तरी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने लिहिलं की थिएटरातल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे कोण ते ठाऊक असतं, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कायदा होता १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा. तो देशाच्या कायदेपुस्तकातून निघाला २०१८ च्या सुरुवातीला. जे वाक्य लिहिलेलंच नाही ते प्रेक्षक कसं ऐकतो, यावर एक पान लिहायला सांगा. इतके दिवस निबंधाला कंटाळणारी मुलंही यावर लिहितात.

इथे एक अवघड वळण येतं. बंदीच्या काही आठवडे आधी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन नाटक पाहायला आला होता. नाटक होतं ‘शारदा’. तिथे अनंत कान्हेरे या तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा राग त्यामागे होता. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. मुलांना आत्ताच वाचलेलं नाटक त्या रात्री त्या थिएटरात होतं हे कळलं की त्यांना काटा येतो. हे टाळून पुढे जाऊ नका. जॅक्सनला संस्कृत येत असे, तो मराठी नाटकं आवडीने पाही, आणि तो त्या सत्तेचा अधिकारीही होता. तिन्ही गोष्टी सांगा. कान्हेऱ्यांचं वय अठराच्या आसपास होतं, हेही सांगा. बरोबर की चूक याचा निकाल तुमच्याकडून देऊ नका. त्या काळातल्या माणसांनाही तो सोपा नव्हता.

ऐतिहासिक नाटक आणि इतिहास

खाडिलकरांचंच ‘भाऊबंदकी’ (१९०९) पुण्याजवळच्या मुलांसाठी उत्तम, कारण वाचून झाल्यावर शनिवारवाडा गाठता येतो. नारायणराव पेशव्यांचा खून, ३० ऑगस्ट १७७३. राघोबादादा, आनंदीबाई आणि निकाल तोंडावर सांगणारे रामशास्त्री. पण वाड्यात जाण्याआधी वहीत तीन रकाने आखून घ्या: कागदपत्रांत काय आहे, नाटककाराने काय रंगवलं, लोक काय सांगतात. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा तिसऱ्या रकान्यात जाते, कारण ती पुराव्याने सिद्ध झालेली नाही, आणि ‘काका मला वाचवा’च्या रात्रीच्या हाका त्याच रकान्यात. सुरतेच्या फुटीनंतर दोनच वर्षांत खाडिलकरांना घरातल्या भांडणावर नाटक का लिहावंसं वाटलं असेल, हा प्रश्न चौथा रकाना म्हणून मुलं स्वतःच जोडतात.

ऐकणं, पाहणं, करणं

पदं वाचल्यावर ती ऐकवा, आधी नको. आधी ऐकवली तर मुलं चालीत अडकतात आणि शब्द निसटतात. अपवाद परदेशातल्या मराठी शाळांचा. तिथल्या मुलांना देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून त्यांना आधी ध्वनिमुद्रण ऐकवून मग संहिता हातात द्या. कान पुढे आणि डोळे मागे चालले तरी बिघडत नाही. गोव्यात असाल तर जत्रेतलं संगीत नाटक दाखवायला न्याच. देवळासमोर रात्री रंगणारा प्रयोग पाहिला की ‘रात्रभर नाटक’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी मुलांकडून दहा-बारा मिनिटांचं अभिवाचन बसवा. पाठांतर नको, नेपथ्य नको. एक उपरणं, एक नऊवारी, एक काठी बस. नुसत्या घरगुती किंवा वर्गातल्या वाचनाला कसली परवानगी लागत नाही. पण तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल, तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि अलीकडच्या नाटकासाठी लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमतीही.

पुढचं वाचन वयाप्रमाणे ठरवा. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ पंधराच्या आत नको. सिंधूला होणारी मारहाण आणि तान्ह्या मुलाचा मृत्यू जड जातो. सुधाकरचं पहिलं पिणं आणि तळीरामाचे प्रवेश मात्र आधीही वाचता येतात. वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) तेरा-चौदाव्या वर्षी चांगलं लागतं, कारण त्यातले शिवाजीमहाराज संभाजीचे वडील म्हणून बोलतात आणि त्या वयात घरोघरी तोच विषय चालू असतो. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) अकरावी-बारावीसाठी ठेवा, आणि त्याआधी ‘भाऊबंदकी’ झालेलं असू द्या.